मधुमेहाच्या गोळ्या सुरू असताना अँटिबायोटिक घ्यायचं की नाही?

प्रश्न यावल तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. सासूबाई ६६ वर्षांच्या, मधुमेह जुना. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं एकत्र असलेली गोळी दोन वेळा, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. चार दिवस लघवीला आग, परवापासून थंडी वाजून ताप, जेवण जवळपास बंद. गावातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, ‘पस सेल्स’ (म्हणजे पूच्या पेशी) भरपूर निघाले, म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन पाच दिवस लिहून दिलं. मेडिकलवर कुणीतरी म्हणालं, "शुगरच्या गोळीबरोबर हे चालत नाही, शुगरची बंद ठेवा." नणंद म्हणते, शुगरची बंद केली तर शुगर वाढेल, त्यापेक्षा अँटिबायोटिकच नको, ते गरम पडतं. ताईंनी विचारलंय, खरं कोणाचं? आणि दोन गोळ्यांमध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं?

ताई, आज काय करायचं ते आधी सांगतो, कारणं नंतर वाचा.

अँटिबायोटिक बंद करू नका. थंडी वाजून ताप आहे म्हणजे जंतू मूत्राशयात थांबलेले नाहीत, किडनीपर्यंत गेले असण्याची शक्यता आहे. मधुमेही बाईच्या बाबतीत हे अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही. शुगरची गोळीही मनाने बंद करू नका. ज्यांनी लिव्होफ्लॉक्सासिन लिहिलं त्यांना आत्ता फोन लावा आणि नेमक्या शब्दांत सांगा: "यांना ग्लिमेपिराइड चालू आहे, आणि दोन दिवसांत अर्ध्या भाकरीच्या वर काही खाल्लेलं नाही. डोस कमी करायचा का?" गोळीच्या पट्टीचा फोटो पाठवा. घरात ग्लुकोमीटर असेल तर सकाळी, दुपारी, संध्याकाळी जेवणाआधी आणि रात्री झोपताना शुगर बघा. पहिल्या दोन-तीन रात्री पहाटे दोन-तीन वाजता गजर लावून एकदा बघा. ग्लुकोमीटर नसेल तर शेजारून मागून आणा, पट्ट्या मात्र नव्या आणि त्याच मीटरच्या घ्या. ग्लुकोज पावडरचा डबा आजच उशाशी आणून ठेवा. आणि उलट्या होत असतील, पाणी टिकत नसेल, पाठीत एका बाजूला कळ येत असेल किंवा त्या गुंगीत वाटत असतील, तर फोनच्या भानगडीत न पडता सरळ दवाखान्यात न्या. सलाईन आणि इंजेक्शनची वेळ आली असं समजा.

आता अंतराचं. हा प्रश्न मला दवाखान्यात रोज कोणी ना कोणी विचारतंच. शुगरची गोळी आणि अँटिबायोटिक यांच्यात दोन तास ठेवा, नाहीतर सहा तास, फरक काही पडत नाही. भांडण पोटात होत नाही, रक्तात आणि स्वादुपिंडात होतं, आणि तिथे दोन्ही औषधं दिवसभर हजर असतात. अंतर लागतं ते वेगळ्याच गोष्टींना. लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांच्यासोबत ॲसिडिटीचं गुलाबी-पांढरं औषध, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी घेतली तर अँटिबायोटिक त्यांना चिकटतं आणि अंगात नीट शोषलंच जात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन तर दुधासोबतही घेऊ नये. अँटिबायोटिक आधी पाण्याबरोबर, बाकी सगळं निदान दोन तासांनी. लोक नेमकं उलटं करतात: शुगरच्या गोळीपासून लांब ठेवतात आणि "गरम पडू नये" म्हणून दुधाच्या पेल्याबरोबर गिळतात.

मेडिकलवरच्या माणसाने सांगितलेलं पूर्ण खोटं नाही, हेही मान्य करतो. त्यात एक जुना धागा आहे. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जाँबाँ नावाचे डॉक्टर टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देऊन बघत होते. जंतू मारायचं औषध, पण काही रुग्णांची शुगर धोकादायक खाली गेली. त्यांचे सहकारी ओग्युस्त लूबातिएर यांनी प्रयोग करून दाखवलं की हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. त्यातूनच सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या आल्या. तुमच्या सासूबाईंची ग्लिमेपिराइड, आणि ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही सगळी त्याच घरातली. म्हणजे काही अँटिबायोटिक्स शुगर पाडतात यात नवल नाही, मधुमेहाच्या गोळीचा शोधच तसा लागला.

म्हणून ‘अँटिबायोटिक चालेल का’ एवढ्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. कोणतं अँटिबायोटिक, शुगरची कोणती गोळी, किडनी कशी आहे आणि पोटात किती जातंय, एवढं कळल्यावरच डॉक्टरला उत्तर देता येतं. लोक पहिलं तेवढं सांगतात आणि शेवटचं कुणी विचारतच नाही.

फ्लोरोक्विनोलोन गट, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन. आपल्याकडे जुलाब लागले की ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी दिली जाते, तीही यातलीच. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर पोटॅशियमची एक सूक्ष्म वाट असते. ती बंद झाली की पेशी इन्सुलिन सोडते. ग्लिमेपिराइड हीच वाट बंद करतं, आणि हा गटही थोड्याफार प्रमाणात तिथेच हात घालतो. दोघांनी मिळून एकच दार ओढलं की शुगर घसरते. याच गटातलं गॅटिफ्लॉक्सासिन एके काळी भरपूर चालायचं. २००६ मध्ये कॅनडातल्या वयस्कर रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, शुगर खूप खाली आणि खूप वर, दोन्हीकडे जात असल्याचं स्पष्ट झालं, आणि भारत सरकारने मार्च २०११ मध्ये त्याच्या गोळ्या-इंजेक्शनांवर बंदी घातली. डोळ्यांत घालायचे थेंब राहिले. बाकीच्या क्विनोलोनचा धोका त्याच्यापेक्षा कमी, पण आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये या गटावरची कमी शुगरची सूचना आणखी कडक केली. तैवानमध्ये मधुमेहींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१३) मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन घेणाऱ्यांत हजारी नऊ-दहा जणांची शुगर त्रास होण्याइतकी खाली गेली. सेफॅलोस्पोरिन, म्हणजे सेफिक्साइमच्या गटातलं अँटिबायोटिक, घेणाऱ्यांत हा आकडा हजारी तीनच्या आसपास होता. हजारातले नऊशे नव्वद जण सुखरूप आहेत, हे घाबरण्याआधी वाचा. मात्र ते नऊ-दहा कोण, याचा अंदाज आधीच बांधता येतो: वय साठीपुढचं, सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन चालू, किडनी थकलेली आणि जेवण बंद. तुमच्या सासूबाई यातल्या तीन गोष्टींत बसतात. चौथीसाठी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी, बघायला हवं.

दुसरं नाव को-ट्रायमॉक्साझोल, त्या माँपेलिएच्या सल्फाचं चुलत भावंड. किडनी कमजोर असेल तर शुगर पाडतं, आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी सोबत असली तर रक्तातलं पोटॅशियमही चढवतं. जुन्या मधुमेहीला ही गोळी देताना मी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. तिसरं क्लॅरिथ्रोमायसिन, पोटातल्या जंतूंसाठी ॲसिडिटीच्या किटमध्ये असतं ते. शुगरची गोळी अंगातून बाहेर पडण्याचा वेग ते कमी करतं. चौथं लिनेझोलिड, पायाच्या चिघळलेल्या जखमेत वापरतात, इन्सुलिनवर असलेल्यांची शुगर पाडू शकतं. पाचवं खरं तर अँटिबायोटिक नाही, बुरशीचं औषध आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: फ्लुकोनाझोल. गजकर्णाची साथ आल्यापासून लोक ते मेडिकलवरून स्वतःच आणून आठवडेच्या आठवडे घेतात. ग्लिमेपिराइड यकृतात ज्या एन्झाइमने मोडतं, त्यालाच हे अडवतं. एखादी गोळी घेतली तर फारसं बिघडत नाही, रोज घेतली तर ग्लिमेपिराइड अंगात साचत जातं.

अमॉक्सिसिलिन, अमॉक्सी-क्लॅव, सेफॅलेक्सिन, सेफिक्साइम, सेफ्युरोक्सिम, ॲझिथ्रोमायसिन यांचं शुगरच्या गोळ्यांशी सहसा वाकडं नाही. जुलाब लागून जेवण सुटलं तर गोष्ट वेगळी. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन मूत्राशयापुरत्या इन्फेक्शनला चांगली, शुगरलाही हात लावत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन किडनी फार कमजोर असेल तर चालत नाही, आणि आधीच पायांना मुंग्या, बधिरपणा असेल तर तो वाढवू शकतं.

शुगरच्या गोळ्यांचंही तसंच. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांनीही नाही. धाक आहे तो ज्यांचं नाव ‘ग्लि’ ने सुरू होतं त्या जुन्या गोळ्यांचा, रेपाग्लिनाइडचा आणि इन्सुलिनचा. ग्लिबेनक्लामाइड तर म्हाताऱ्या माणसाला मी सुरूच करत नाही, दिवसभर अंगात ठाण मांडून बसतं. ज्यांना नुसतं मेटफॉर्मिन आहे त्यांनी लिव्होफ्लॉक्सासिन घेताना एवढी चिंता करायचं कारण नाही.

इथे एक अडचण येते, ती तुमच्याही घरात येईल. डॉक्टर म्हणतील, ग्लिमेपिराइड अर्धं करा. पण गोळी थ्री-इन-वन आहे. ती अर्धी मोडली तर मेटफॉर्मिनही अर्धं होतं, आणि त्यातलं मेटफॉर्मिन बहुतेक वेळा हळूहळू सुटणारं असतं, ते मोडायचंच नसतं. अशा वेळी आजारपणाच्या आठवड्यापुरती औषधं सुटी लिहून घ्यावीत. वयस्कर रुग्णाला तिन्ही औषधं एका गोळीत कोंबून द्यायची हौस मला मुळात पटत नाही. खर्च वाचतो, गोळ्यांची संख्या कमी दिसते, पण आजारपणात एकही औषध वेगळं करता येत नाही.

आता कधीच कोणी न विचारलेला भाग: पोटात किती जातंय. ग्लिमेपिराइडला ताप कळत नाही. तुम्ही दोन भाकरी खाल्ल्या की नुसतं पाणी प्यायलात, ते आपलं इन्सुलिन सोडायला लावतंच. गेल्या काही वर्षांत असे रुग्ण मला सगळ्यात जास्त पहाटे दिसले आहेत. एकाचं सांगतो, ओळख लपवून. जळगाव-चोपडा पट्ट्यातले केळीचे शेतकरी, सत्तरीचे. रात्री जुलाब झाले, गावातच इंजेक्शन आणि पुडी मिळाली. संध्याकाळी नेहमीची शुगरची गोळी घेतली, वरून "पोट बिघडलंय" म्हणून जेवले नाहीत. पहाटे मुलगा उठवायला गेला तर आप्पा बोलेनात, तोंड वाकडं, एक हात लुळा, बनियन घामाने चिंब. "रातले चांगला व्हतात," मुलगा एवढंच सांगत होता. गाडीतून आणताना सगळ्यांनी पॅरालिसिस धरून ठेवला होता. बोटाला सुई टोचली, मीटरवर ३४. शिरेतून पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज आत जायला लागलं आणि सिरिंज पुरती संपायच्या आत आप्पांनी डोळे उघडून विचारलं, "मले काय व्हयनं?" हात उचलला. तोंडही सरळ. शुगर फार खाली गेली की हुबेहूब पॅरालिसिससारखं चित्र दिसू शकतं, म्हणून पॅरालिसिस वाटणाऱ्या प्रत्येक माणसाची शुगर पहिल्या मिनिटाला बघतात.

पुढचं जास्त महत्त्वाचं. आप्पा बोलायला लागले म्हणताच घरचे निघायच्या तयारीला लागले. चहा-बिस्किटं देऊन घरी न्यावं, केळीच्या घडांची कापणी लागलीय. मी सोडलं नाही. दुपारी शुगर परत ६० च्या खाली आली, संध्याकाळी पुन्हा. सल्फोनिलयुरियाने पडलेली शुगर एकदा वर आणली म्हणजे काम संपत नाही, औषध अंगात असेपर्यंत ती पुन्हा पुन्हा बुडते, कधी चोवीस तासांहून जास्त. किडनी कमजोर असली की आणखी लांबतं. त्यामुळे "शुद्धीवर आले, चला" हे कधीच करू नका, एक रात्र तरी देखरेखीत काढा. पुडीतल्या सुट्या गोळ्या आम्ही टेबलावर मांडून बघितल्या. एक पांढरी लांबट, एक पिवळी, एक गोल. त्यातलं अँटिबायोटिक कोणतं होतं हे देणाऱ्याला फोन केल्यावर कळलं: ओफ्लॉक्सासिन. पुडीत औषध मिळालं तर नावं कागदावर लिहून मागा, नुसतं "अँटिबायोटिक आहे" हे उत्तर घेऊ नका. त्यात वाईट वाटण्यासारखं डॉक्टरांनाही काही नाही.

शुगर खाली जाण्याची लक्षणं लोकांना ढोबळ माहीत असतात: दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम खा-खा सुटणं, डोळ्यांपुढे अंधारी. म्हाताऱ्या माणसांत ती अशी ओळीने येत नाहीत. ती एकदम चिडतात, असंबद्ध बोलतात, जागच्या जागी झोप लागते, लघवीला उठले तर तोल जातो. तापात घाम आला की घरचे "ताप उतरला" म्हणून खूश होतात. ताप उतरतानाचा घाम आणि शुगर पडल्याचा घाम नुसत्या हाताने ओळखू येत नाही. मधुमेही माणसाला अँटिबायोटिक चालू असताना घाम सुटला की मीटर काढा. बीपीसाठी मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोलसारखी गोळी असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा राहतो.

आकडा ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर साधारण पंधरा ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे चहाचे तीन चमचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायचं. पण तुमच्या सासूबाईंच्या गोळीत व्होग्लिबोज आहे, आणि इथे घरोघरी घोळ होतो. व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही औषधं आतड्यात साखर फोडणारं एन्झाइमच अडवतात. घरातली साखर, गूळ, पेढा, चहा-बिस्किट यातली साखर अशा माणसाच्या पोटात नुसती पडून राहते, रक्तात यायला उशीर लागतो. त्यांना मेडिकलवर मिळणारी ग्लुकोज पावडरच हवी, ती फोडायची गरज नसते. रावेर-यावलकडे कोणाला चक्कर आली की हातात केळं देतात. केळं नंतर द्या, शुगर वर आल्यावर, पुन्हा घसरू नये म्हणून. त्यासोबत भाकरी-दूध, खिचडी, जे जाईल ते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, साखरेचं पाणी श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करा आणि कुशीवर वळवून ठेवा.

शुगर वर जाण्याचं बोलतो, कारण नणंदबाईंची भीती तिथलीच आहे. तिच्यात तथ्य आहे. इन्फेक्शन झालं की शरीर ताणातली हार्मोन्स सोडतं आणि शुगर चढते, न जेवताही. जंतू आटोक्यात आले की ती आपोआप उतरते, त्यामुळे अँटिबायोटिक हे शुगरचंही औषध ठरतं. अँटिबायोटिक गरम पडतं म्हणून टाळलं, तर शुगर वरच राहते आणि पांढऱ्या पेशींना जंतूंशी नीट लढता येत नाही. कधी असंही होतं की पहिले दोन दिवस शुगर ३०० च्या घरात, डोस वाढवला जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप गेल्यावर तोच वाढीव डोस शुगर पाडतो. डोस वाढवला असेल तर तो कमी करायला कधी यायचं, हे त्याच भेटीत विचारून ठेवा.

शुगर चढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी गावाकडे सर्रास होतात. ताप लगेच उतरावा म्हणून सुईत डेक्सामेथासोन घालतात. स्टिरॉइड आहे ते. रुग्णाला तासाभरात तरतरी येते, डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणतं, आणि पुढचा एक-दोन दिवस शुगर चारशेच्या दिशेने जाते. दुसरी सलाईन. अशक्तपणा म्हणून पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लावली तर अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम ग्लुकोज असतं. मधुमेहीला गरज नसताना नको, नॉर्मल सलाईन चालेल. बाटलीवरचं नाव वाचता येतं, वाचा. आणि अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक नको. टेल्मिसार्टन चालू, अंगातलं पाणी कमी झालेलं आणि वर हे दुखण्याचं औषध, अशी तिघांची गाठ पडली की किडनी बसते. पॅरासिटामॉल पुरे.

किडनीचं मी इतकं का म्हणतोय? मेटफॉर्मिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन दोन्ही मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात. ग्लिमेपिराइडचेही काही सक्रिय अंश तिकडूनच जातात. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, माणसं दुपारभर पाणी न पिता शेतात असतात, लघवी गडद होते, आग होते, लोक "उन्हाळी लागली" म्हणून सब्जा आणि खडीसाखरेचं पाणी पितात. साध्या उन्हाळीला पाणी वाढवलं की उतार पडतो. ताप आला, कंबर धरली, की ती उन्हाळी राहिली नाही. अशा कोरड्या पडलेल्या अंगात डोस जसाच्या तसा चालू ठेवला तर औषधं साचतात. म्हणून लिव्होफ्लॉक्सासिनचा डोस क्रिएटिनिन बघून ठरवतात. आणि उलट्या-जुलाब होऊन पाणी टिकत नसेल त्या दिवसांत मेटफॉर्मिन तात्पुरतं थांबवायला आम्ही सांगतो, नाहीतर रक्तात लॅक्टिक ॲसिड साचण्याचा धोका असतो. खाणं-पिणं सुरळीत झालं की परत सुरू.

याच नियमात शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या बसवा. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि ते स्वस्त झालं, आता गावोगावी चालू आहे. हृदयाला आणि किडनीला खरोखर चांगलं औषध. पण ते साखर लघवीतून बाहेर टाकतं, त्यामुळे योनीमार्गात किंवा लिंगाच्या टोकाला बुरशीची खाज वाढते. खाज म्हणजे इन्फेक्शन समजून लोक अँटिबायोटिक घेतात आणि बुरशी आणखी फोफावते. शिवाय ताप, उलट्या, उपास अशा दिवसांत हे औषध चालू राहिलं तर शुगर दोनशेच्या आत असूनही रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साचू शकतात: मळमळ, पोटदुखी, खोल जोरजोराचा श्वास, आणि मीटर मात्र म्हणतं सगळं ठीक. आजारपणात ते थांबवायचं. चातुर्मासातले कडक उपास, नवरात्र, वणीची पायी वारी, यांच्या आधीही डॉक्टरांना विचारायचं. आणि या गोळीवर असताना लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर चार प्लस दिसते, ते औषधाचंच काम आहे, घाबरून डोस वाढवू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की दिवसभर पुरणारं इन्सुलिन जेवण बंद असलं तरी पूर्ण बंद करायचं नाही, टाइप वनच्या मुलांचं तर कधीच नाही. किती कमी करायचं ते फोनवर विचारता येतं.

टीबीची औषधं हा वेगळा विषय, पण धुळे-नंदुरबारकडून त्याबद्दल बरंच विचारलं जातं. रिफाम्पिसिन उलटं काम करतं. यकृताचा वेग वाढवून ते सल्फोनिलयुरिया लवकर संपवतं, शुगर चढते, बरेचदा काही महिने इन्सुलिनच लावावं लागतं. टीबीचा कोर्स संपला की दोन-तीन आठवड्यांत यकृत पूर्ववत होतं आणि तोच डोस आता जास्त पडतो. कोर्स संपल्याच्या आनंदात ही तपासणी राहून जाते. सोबत आयसोनियाझिड असतं, मधुमेहींना त्याबरोबर पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) द्यावं लागतं, नाहीतर पायांची आग वाढते. आणि सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागात सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बराच असल्याने तिथे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी फसवी येऊ शकते, मीटरवरचे रोजचे आकडे जास्त खरे.

एक गोष्ट मात्र उलट बाजूची. पुष्कळ मधुमेही बायकांच्या लघवीत कुठलाही त्रास नसताना जंतू आणि ‘पस सेल्स’ सापडतात. वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये रिपोर्ट लाल अक्षरात येतो आणि अँटिबायोटिक सुरू होतं. आग नाही, ताप नाही, वारंवार लागत नाही, तर बहुतेकांना ते द्यायची गरजच नसते. गरोदरपण आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन हे अपवाद. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत मधुमेहींसाठी हे स्पष्ट लिहिलं आहे. रिपोर्ट साफ करायच्या नादात वर्षाला तीन-चार कोर्स झाले की खरं इन्फेक्शन होतं तेव्हा गोळीने मरणारे जंतूच उरत नाहीत.

तुमच्या सासूबाईंना त्रास आहे, तेव्हा त्या या गटात नाहीत. त्यांच्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन निवडलं त्यात गैर काही नाही, किडनीपर्यंत पोचणाऱ्या गोळ्या मोजक्याच आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन शुगरला निरुपद्रवी असली तरी ताप असलेल्या अशा इन्फेक्शनला पुरी पडत नाहीत. मात्र लघवीच्या इन्फेक्शनमागे सहसा असणाऱ्या ई. कोलाय जंतूंपैकी आपल्याकडचे बरेच या गटाला दाद देत नाहीत, म्हणून लघवीचं कल्चर, म्हणजे कोणता जंतू आणि तो कोणत्या औषधाने मरतो ही तपासणी, पाठवलं होतं का ते विचारा. आदर्श म्हणजे पहिल्या गोळीआधी नमुना घ्यायचा. ते राहिलं असेल तर आज द्या, न दिल्यापेक्षा बरं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अठ्ठेचाळीस तासांत ताप उतरायला लागला नाही, तर रिपोर्टची वाट न बघता न्या, इंजेक्शनचं सेफॅलोस्पोरिन किंवा त्यावरचं काही लागेल, आणि सोनोग्राफी करून किडनीत पू किंवा अडथळा नाही ना हे बघतील. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि शुगर एकाच वेळी काढायला सांगा, एकदाच रक्त द्यावं लागेल. टाचेत किंवा पोटरीच्या मागे अचानक दुखलं तर लिव्होफ्लॉक्सासिन थांबवून डॉक्टरांना कळवा, साठीपुढच्यांत या गटाने स्नायूबंध सुजतात, क्वचित तुटतात. आज रात्रीपुरतं, त्यांना भरीत-भाकरी जात नसेल तर मुगाची पातळ खिचडी, ताक, पेज, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या, आणि किती गेलं ते शुगरच्या आकड्याशेजारी वहीत लिहा. उद्या डॉक्टरांना ती वहीच दाखवा.